इंग्लंड आणि स्कॉटलंडचे फुटबॉल संघ वेगळे का? उत्तर एका सचिवाच्या कामात आहे

२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या यादीत इंग्लंड आहे आणि स्कॉटलंडही आहे. यावर दर चार वर्षांनी पडणारा प्रश्न पुन्हा पडतो. दोघांचा राजा एक, पासपोर्ट एक, ऑलिंपिकला गेले तर झेंडाही एक. मग फुटबॉलमध्ये दोन संघ कसे चालतात? खरं तर दोन नाहीत, चार आहेत, कारण वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे संघही वेगळे आहेत. मग उद्या महाराष्ट्राने आणि बंगालने आपापला संघ विश्वचषकाला पाठवायचा म्हटलं तर?

तसं चालणार नाही. फिफाच्या घटनेत एका देशाची एकच संघटना असा नियम आहे. ब्रिटनमधल्या चार संघटनांना मात्र त्याच घटनेत नाव घेऊन वेगळी मान्यता दिलेली आहे. ही सवलत कुठून आली ते शोधत मागे गेलं की आपण १८७० च्या लंडनमध्ये पोहोचतो. तिथे चार्ल्स विल्यम अल्कॉक नावाचा सत्तावीस वर्षांचा माणूस वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत बसलेला दिसतो.

आज आपण खेळ बघतो तेव्हा ज्या चौकटी गृहीत धरतो त्यातल्या कितीतरी याने उभ्या केल्या. हरलात की बाहेर अशा पद्धतीची चषक स्पर्धा, देशाविरुद्ध देश असा सामना, खेळाडूला उघडपणे पगार, आणि इंग्लंडमधली पहिली क्रिकेट कसोटी, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. तरीही त्याचं नाव फार थोड्यांना माहीत असतं, आणि ते मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

कोण होता हा अल्कॉक?

२ डिसेंबर १८४२ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलंडमध्ये त्याचा जन्म झाला. घरात जहाजांचा व्यवसाय होता, पैसा होता, म्हणून शिक्षण हॅरो या श्रीमंतांच्या निवासी शाळेत झालं. कुटुंब पुढे लंडनच्या बाजूला आलं. तिथे १८५९ मध्ये चार्ल्स आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांनी मित्रांना जमवून 'फॉरेस्ट' नावाचा क्लब काढला. एपिंगच्या जंगलाशेजारी खेळायचे म्हणून ते नाव. त्यातूनच काही वर्षांत 'वाँडरर्स' हा त्या काळचा नामांकित संघ उभा राहिला.

वडिलांच्या धंद्यात चार्ल्सचं मन रमलं नाही. तो खेळांवर लिहू लागला, फुटबॉलची वार्षिकं संपादित करू लागला, आणि १८७० मध्ये फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा मानद सचिव झाला. मानद म्हणजे बिनपगारी. १८९५ पर्यंत, तब्बल पंचवीस वर्षं, तो सचिवपदावर राहिला. शिवाय १८७२ पासून तो सरे या क्रिकेट क्लबचाही सचिव होता. लंडनचं प्रसिद्ध ओव्हल मैदान सरेचंच. फुटबॉलचा कारभार आणि एक मोठं मैदान एकाच माणसाच्या हाती आलं, ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

तेव्हा फुटबॉल नव्हता का?

होता, पण एकच नव्हता. हे समजायला आपल्याकडच्या हुतूतूची आठवण पुरेशी आहे. एका गावात संजीवनी खेळायचे, म्हणजे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन आत यायचा. दुसरीकडे गामिनी, म्हणजे एकदा बाद झालात की पूर्ण डाव संपेपर्यंत बाहेर. तिसरीकडे अमर, म्हणजे बाद झालेलाही आतच राहायचा आणि गुण मोजले जायचे. दोन गावांचा सामना लागला की खेळाआधी नियमांवरूनच हुज्जत. इंग्लंडमधल्या शाळांची आणि क्लबांची अवस्था हीच होती. कुठे चेंडू हाताने झेलायला परवानगी होती, कुठे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणं खेळाचा भाग समजत.

२६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांची बैठक झाली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. त्या बैठकीला जॉन अल्कॉक हजर होता. पहिले नियम लिहिले एबेनेझर कॉब मॉर्ली या वकिलाने. त्यामुळे नियमांचं श्रेय अल्कॉकला देता येत नाही, आणि देऊही नये.

पण नियम छापून झाले म्हणजे खेळ पसरतोच असं नाही. शेफिल्डमधले क्लब स्वतःचेच नियम धरून बसले होते. १८६७ च्या वार्षिक बैठकीला जेमतेम सहा जण आले, आणि आता आपलं काम संपलं, संघटना बंद करावी का, असा विचार खुद्द मॉर्लीने बोलून दाखवला. ज्या संघटनेचे सामने आज जगभर पाहिले जातात ती चौथ्या वर्षीच गुंडाळली जाण्याच्या बेतात होती. संघटनेकडे कागद होता, पण त्या कागदाप्रमाणे खेळावंसं वाटायला लोकांना काही कारण नव्हतं. अल्कॉकला नेमकं हे दिसलं.

बाद पद्धत कुठून आली?

हॅरो शाळेत वसतिगृहांमध्ये फुटबॉलची स्पर्धा व्हायची. हरलेलं वसतिगृह बाहेर, शेवटी उरेल ते सर्वश्रेष्ठ. अल्कॉकने ही शालेय कल्पना उचलून थेट देशभरच्या क्लबांपुढे ठेवली. २० जुलै १८७१ रोजी 'द स्पोर्ट्समन' या वृत्तपत्राच्या कचेरीत समितीची बैठक होती. तिथे त्याने प्रस्ताव मांडला की संघटनेच्या सर्व क्लबांसाठी एक आव्हान चषक सुरू करावा. तोच आजचा एफए कप.

पहिल्या वर्षी १५ क्लबांनी नावं दिली. हा आकडा लहान वाटेल, पण स्पर्धेत उतरायचं तर संघटनेचेच नियम पाळावे लागणार होते. एकदा चषक मोलाचा झाला की नियम आपोआप सर्वांचे होणार होते. सक्ती न करता एकी साधण्याचा हा उपाय होता, आणि माझ्या मते अल्कॉकच्या सगळ्या कामात ही सूझ सर्वांत मोठी आहे. शेफिल्डच्या क्लबांनीही १८७७ मध्ये आपले वेगळे नियम सोडले.

अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर झाला. वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाला १-० ने हरवलं. प्रेक्षक होते सुमारे दोन हजार. विजेत्या संघाचा कर्णधार होता चार्ल्स अल्कॉक.

स्पर्धा काढली त्यानेच आणि जिंकलीही त्यानेच?

ही शंका रास्त आहे. त्यात भर म्हणजे अंतिम फेरीपर्यंत पोहोचताना वाँडरर्सने मैदानावर जिंकलेला सामना एकच होता. एक प्रतिस्पर्धी खेळायलाच आला नाही. एका सामन्यात बरोबरी झाली तेव्हा दोन्ही संघांना पुढे पाठवलं गेलं. उपांत्य सामन्यात ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी ०-० अशी बरोबरी झाली, पण पुन्हा खेळण्यासाठी लंडनमध्ये थांबायला त्या मंडळींकडे पैसे नव्हते, म्हणून ते माघारी गेले. इतकंच काय, अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा मॉर्टन बेट्स टोपणनावाने खेळला होता, आणि त्याचा मूळ क्लब म्हणजे पहिल्या फेरीत वाँडरर्सविरुद्ध न आलेलाच क्लब!

आजच्या मापाने हा सगळा मामला संशयास्पद ठरेल. पण तेव्हा स्पर्धेचे संकेतच घडत होते. पुढच्या वर्षी तर विजेत्या संघाला थेट अंतिम सामन्यात जागा होती. ती पद्धत लगेच सोडून देण्यात आली, आणि पुढे वाँडरर्सनाही इतरांसारखं पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं. अल्कॉकने स्पर्धा आपल्या क्लबासाठी राखून ठेवली असती, तर १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने ईटन या श्रीमंतांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून तोच चषक उत्तरेत नेला नसता.

आता मूळ प्रश्न: देश विरुद्ध देश हे कसं सुरू झालं?

५ मार्च १८७० रोजी ओव्हलवर 'इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड' असा सामना अल्कॉकने भरवला. इंग्लंडचा कर्णधार तोच. निकाल १-१. असे पाच सामने फेब्रुवारी १८७२ पर्यंत झाले. इंग्लंडने तीन जिंकले, दोन बरोबरीत सुटले, स्कॉटलंड एकही जिंकला नाही.

फिफा मात्र हे पाच सामने अधिकृत धरत नाही. कारण साधं आहे. 'स्कॉटलंड' म्हणून उतरलेले बहुतेक खेळाडू लंडनमध्येच राहणारे होते आणि काहींचा स्कॉटलंडशी संबंध फार बारीक होता. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा खासदार मुलगाही त्यांत खेळला. अल्कॉकला ही उणीव दिसत होती. त्याने ग्लासगोच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून स्कॉटिश क्लबांना खेळाडू पाठवण्याचं जाहीर आवाहन केलं.

या सामन्यांनी स्कॉटलंडमध्ये वेगळाच राग पेटला. तिथे हाताने चेंडू घेऊन पळण्याचा रग्बीचा खेळ अधिक रुजलेला होता. लंडनमधल्या अकरा जणांनी आमच्या देशाचं नाव लावून हरायचं आणि आम्ही गप्प बसायचं? तिथल्या रग्बी क्लबांच्या कर्णधारांनी इंग्लंडला उलट आव्हान दिलं आणि २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरोत रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. एका सचिवाच्या अर्ध्याकच्च्या प्रयोगातून दुसऱ्या खेळाचा आंतरराष्ट्रीय इतिहास सुरू झाला.

फुटबॉलचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना त्यानंतर ३० नोव्हेंबर १८७२ रोजी झाला. जागा ग्लासगोजवळच्या पार्टिकमधलं एका क्रिकेट क्लबचं मैदान, प्रेक्षक सुमारे चार हजार, निकाल ०-०. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचे. इंग्लिश खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकेकटे घुसत, मागे मदतीला बाकीचे धावत. स्कॉटिश खेळाडू मात्र एकमेकांना पास देत. आजच्या फुटबॉलचा पाया त्या पासमध्ये आहे. हा सामना जुळवून आणणारा अल्कॉक दुखापतीमुळे त्यात खेळू शकला नाही. त्याच्या वाट्याला एकच अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना आला, १८७५ मधला स्कॉटलंडविरुद्धचा. त्यात तो कर्णधार होता आणि त्याने गोलही केला.

आता दुवा जोडू. सामना खेळायला समोर संघ हवा, संघ निवडायला संघटना हवी. १८७३ मध्ये स्कॉटलंडची संघटना झाली, १८७६ मध्ये वेल्सची, १८८० मध्ये आयर्लंडची, म्हणजे आजची उत्तर आयर्लंडची. १८८३-८४ पासून चौघांची आपसातली वार्षिक स्पर्धा सुरू झाली. नियम ठरवायला चौघांनी मिळून १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ नेमलं, ज्याला आज इफाब म्हणतात. फिफा जन्मली १९०४ मध्ये, पॅरिसला. म्हणजे जगाची संघटना व्हायच्या किती तरी आधी या चार संघटना नांदत होत्या. फिफाने त्यांना वेगळं केलं नाही, त्या वेगळ्या होत्याच. दुसऱ्या महायुद्धाआधी त्या फिफातून बाहेर पडल्या होत्या. १९४६ मध्ये परतल्या त्या चार म्हणूनच. १९५० च्या विश्वचषकासाठी तर त्यांची घरगुती स्पर्धाच पात्रता फेरी मानली गेली.

आजही इफाबमध्ये या चौघांना प्रत्येकी एक मत आहे आणि उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने फिफाला चार मतं. नियम बदलायला आठांपैकी सहा मतं लागतात. ब्रिटनच्या चौघांना एकट्याने काही बदलता येत नाही, पण त्यांना डावलून फिफालाही बदलता येत नाही. ही रचना न्याय्य आहे असं मला वाटत नाही. ब्राझील, अर्जेंटिना, नायजेरिया यांना स्वतःचं एक मत नाही आणि वेल्सला आहे, हे केवळ जुनेपणाच्या हक्कावर चाललं आहे.

एकच संघ करणं या चौघांना का नको, तेही यातून कळतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनचा पुरुष संघ उभा राहिला, त्यात फक्त इंग्लंड आणि वेल्सचे खेळाडू होते. एकदा एकत्र खेळलो की 'मग तुमच्या चार जागा कशाला' असा प्रश्न जग विचारेल, ही भीती इतर संघटनांनी उघड बोलून दाखवली होती.

खेळून पैसे घेणं पाप होतं का?

तसं मानणारे पुष्कळ होते. हौशी म्हणजे खेळासाठी पैसे न घेणारा, व्यावसायिक म्हणजे घेणारा. संघटनेतल्या सुखवस्तू मंडळींना व्यावसायिक नको होते. पण उत्तर इंग्लंडमधल्या लँकशरच्या सूतगिरण्यांच्या गावांत चित्र वेगळं होतं. तिथे गिरणीतली मुलं खेळत. सामन्यासाठी लांब जायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. क्लब गुपचूप पैसे देत, स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणून त्यांना नावापुरती नोकरी लावून देत. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला बुडालेल्या खाड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

जानेवारी १८८४ मध्ये अप्टन पार्क या लंडनच्या क्लबाने प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार केली. प्रेस्टनचा कारभारी विल्यम सडेल याने लपवाछपवी न करता खेळाडूंसाठी पैसा खर्च होतो हे मान्य केलं. प्रेस्टनला चषकातून काढलं. उत्तरेचे क्लब चिडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी केली.

अल्कॉक स्वतः हॅरोचा, पैसेवाल्या घरातला, हौशी खेळाडू. त्याने बाजू घेतली ती व्यावसायिकांची. यामागे त्याचा क्रिकेटचा अनुभव होता. सरेचा सचिव म्हणून तो दर मोसमात व्यावसायिक क्रिकेटपटूंना मानधन देत होता. क्रिकेट त्यामुळे बुडालं नव्हतं. चोरून चालणारी गोष्ट उघड करून नियमात बसवावी, हा त्याचा आग्रह होता. बरेच वाद झाल्यावर २० जुलै १८८५ रोजी संघटनेने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली.

म्हणजे कामगारांना पूर्ण न्याय मिळाला?

नाही. चषकाच्या सामन्यात व्यावसायिकाला उतरायचं असेल तर त्याचा जन्म क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत झालेला हवा, किंवा तो दोन वर्षं तिथे राहिलेला हवा. संघटनेच्या समित्यांवर त्याला जागा नाही. पैसे घे, पण कारभारात तोंड घालू नकोस, असा तो सौदा होता. अल्कॉक त्या चौकटीच्या बाहेर गेला नाही, हे नोंदवायलाच हवं.

तरीही या निर्णयाचं वजन कळायला रग्बीकडे पाहावं. तिथेही बुडालेल्या मजुरीची भरपाई मागितली गेली. कारभाऱ्यांनी ती नाकारली. १८९५ मध्ये उत्तरेचे क्लब फुटून निघाले आणि रग्बीचे कायमचे दोन खेळ झाले, युनियन आणि लीग. फुटबॉल मात्र फुटला नाही. १८८८ मध्ये विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा क्लबांची फुटबॉल लीग निघाली, तीही संघटनेच्या छत्राखालीच. लीगची कल्पना अल्कॉकची नव्हती. पण १८८५ चा निर्णय झाला नसता तर उघडपणे पगार देणारे क्लब अशी स्पर्धा संघटनेत राहून भरवू शकले नसते.

क्रिकेटचा यात काय संबंध?

१८७९ च्या फेब्रुवारीत सिडनीत इंग्लंडच्या संघाचा सामना चालू असताना दंगल झाली. कर्णधार लॉर्ड हॅरिस यांच्या अंगावर प्रेक्षक धावून गेले. त्यामुळे १८८० मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला तेव्हा त्यांच्याशी खेळायला मोठे संघ राजी नव्हते. अल्कॉकने हॅरिस यांचं मन वळवलं, ससेक्सला आपला ठरलेला सामना सोडायला लावलं आणि ओव्हल मोकळं केलं. ६ ते ८ सप्टेंबर १८८० या दिवसांत इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी झाली. डब्ल्यू. जी. ग्रेसने १५२ धावा केल्या, ऑस्ट्रेलियाच्या मर्डॉकने नाबाद १५३. इंग्लंड पाच गडी राखून जिंकलं. दोनच वर्षांनी त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाने सात धावांनी बाजी मारली आणि 'ॲशेस'ची कथा सुरू झाली.

त्याच ओव्हलवर १८७४ ते १८९२ पर्यंत एफए कपचे अंतिम सामने होत राहिले. अल्कॉक सरेचा सचिव असतानाच २६ फेब्रुवारी १९०७ रोजी ब्रायटनला वारला.

हे सगळं आपल्यापर्यंत कसं पोहोचलं?

लष्करामार्फत. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक, दोन्ही बाद पद्धतीचे. सुरुवातीला गोऱ्या पलटणीच जिंकत. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंट. १९११ मध्ये कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तीही बाद पद्धतीचीच स्पर्धा होती. लीगमध्ये एखाद्या दिवशीचा विजय गुणतक्त्यात विरून जातो. बाद पद्धतीत राज्यकर्त्यांची पलटण त्या दिवशी हरली की हरलीच, म्हणून त्या विजयाची देशभर एवढी चर्चा झाली. रोव्हर्स चषक भारतीय संघाच्या हाती प्रथम आला १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्स या क्लबामुळे.

ड्युरँड आजही चालू आहे. सेनादलांनी तो धरून ठेवला आणि २०१९ पासून कोलकात्यात त्याला नवा प्रेक्षक मिळवून दिला. मुंबईच्या कूपरेजवर गाजलेला रोव्हर्स चषक मात्र २०००-०१ नंतर बंद पडला. मैदान आहे, क्लब आहेत, प्रेक्षकही आहेत. बैठक बोलावणारा, तारखा जुळवणारा आणि न येणाऱ्या क्लबाला पुन्हा पत्र धाडणारा माणूस मुंबईला अजून हवा आहे.